पंप चालू असताना

"तुम्ही तर नुसते बसलायत," असं, ज्यांच्या घरी मी एसी बसवत होतो ते गृहस्थ म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. सकाळपासून ते माझ्याशी फार चांगले वागत होते. शिडी धरली, पलंग सरकवायला हात लावला, भिंतीला भोक पाडताना उडालेली धूळ स्वतः पुसून काढली. इनडोअर टांगून झालं, आउटडोअर बाहेर ब्रॅकेटवर बसलं, तांब्याच्या पाइपा जोडून झाल्या आणि मी पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावून हत्यारांच्या पेटीवर बसलो. पंपाची घरघर चालू होती, समोरच्या छोट्या पडद्यावर आकडा सावकाश उतरत होता आणि मी त्या आकड्याकडे बघत होतो. ते अधूनमधून दारातून डोकावून जात. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच. मी म्हणालो, "पंप चालू आहे ना." त्यांनी पंपाकडे एक नजर टाकली, मान हलवली आणि आत गेले.

संध्याकाळी गाडी चालवताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. ड्रिलचा आवाज, घाम, दोघांनी मिळून वर चढवलेलं जड मशीन, हे त्यांना काम म्हणून दिसलं होतं. तो भाग कुणीही धडधाकट माणूस काही महिन्यांत शिकतो. ज्यासाठी मला परवाना दिला गेला, ज्याची परीक्षा मी दिली, ते काम नेमकं मी बसलेलो असताना चाललं होतं, आणि ते पाहायला त्यांच्याकडे काही साधनच नव्हतं. गिऱ्हाइकाने बिल भरायचं ते न दिसणाऱ्या गोष्टीचं, आणि विश्वास ठेवायचा तो समोर बसलेल्या माणसावर. हे त्यांच्याकडून फार मोठं मागणं आहे असं मला त्या रात्री वाटलं, अजूनही वाटतं.

त्या तासाभरात पाइपांच्या आत जे घडतं त्याचं मला आजही नवल वाटतं. आपल्या सगळ्यांच्या अंगावर हवेचा जो दाब असतो तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे आमच्या पोकळी मोजायच्या बारीक मापात, मोजला तर ७,६०,००० भरतो. पाइपा जोडल्या की आत तीच हवा अडकलेली असते, आणि हवेबरोबर बाष्प. हवा पहिल्या काही मिनिटांत निघून जाते. चिवट असतं ते पाणी. तांब्याच्या आतल्या अंगाला धरून बसलेला, बोट फिरवलं तरी कळणार नाही इतका ओलावा ओढून निघत नाही, तो उकळावाच लागतो. आणि तो उकळतो, खोलीच्या साध्या तापमानाला, कुठेही जाळ न लावता, कारण दाब उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरत जातो. २५ अंशांच्या खोलीत साधारण २४,००० मायक्रॉनला पाणी उकळायला लागतं. पडद्यावरचा आकडा उतरता उतरता मध्येच अडतो, एकाच जागी रेंगाळतो, तेव्हा आत कुठेतरी ओल वाफ होऊन निघत असते. मग आकडा पुन्हा चालू लागतो. ५०० च्या खाली गेला की पंपाकडची झडप बंद करायची आणि हात न लावता थांबायचं. खरी परीक्षा तिथे असते. आकडा थोडा चढून स्थिरावला तर अजून ओल आहे. चढतच राहिला तर कुठल्यातरी जोडातून हवा आत शिरतेय. होता तिथेच थांबला तर पुढचं काम करायचं.

ओल तशीच राहिली तर? लगेच काही होत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. मशीन त्या दिवशी गार हवा देतं, त्या महिन्यात देतं, बहुधा त्या वर्षीही देतं. आजकालच्या गॅसबरोबर, म्हणजे नळ्यांतून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूबरोबर, कॉम्प्रेसरमध्ये जे तेल असतं ते पाणी शोषून घेतं आणि उष्णतेत त्यातून आम्ल तयार होतं. ते आम्ल मोटारीच्या वाइंडिंगवरचा, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांवरचा, लेप हळूहळू खात राहतं. काही उन्हाळ्यांनी एके दुपारी कॉम्प्रेसर जळतो. जळलेल्या कॉम्प्रेसरचं तेल उघडल्यावर जो वास येतो तो ज्यांनी घेतलाय ते विसरत नाहीत. आंबट, डोळ्यांत पाणी आणणारा, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा. तोवर मशीन बसवलं कुणी, पंप लावला होता की नाही, किती वेळ लावला, हे कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. लोक म्हणतात, मशीनच खराब निघालं.

मशीन कारखान्यातून अर्धंच येतं, असं मला शिकवणारे मिस्त्री म्हणायचे. उरलेलं अर्धं आपण जागेवर घडवायचं. ते कमी बोलणारे होते आणि हातांनी शिकवायचे. पाइप कापली की आतली कड घासताना ती नेहमी तोंड खाली करून धरायची, म्हणजे किस आत न पडता बाहेर पडेल. फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं पाइपेचं तोंड, काढल्यावर ती उजेडाकडे धरून बघायची, तिच्यावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी कापून पुन्हा करायची. नट हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने आवळायचा. त्यांच्या कपाटात तांब्याच्या पाइपेचे दोन तुकडे ठेवलेले असत, दोन्ही उभे चिरलेले. एक जोड ब्रेझिंग करताना, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधताना, पाइपेतून नायट्रोजन सोडत केलेला, दुसरा तसाच हवेत केलेला. बाहेरून दोन्ही जोड सारखे, चकचकीत. आतून पहिला तांब्याच्या मूळच्या लालसर रंगाचा, आणि दुसऱ्यात काळे पापुद्रे सुटलेले. नखाने टोकरलं तर ते पापुद्रे भुगा होऊन हातावर येत. हाच भुगा पुढे जाऊन गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत अडकतो. नवीन मुलगा कामाला आला की ते दोन तुकडे त्याच्या हातात द्यायचे आणि एवढंच विचारायचे, "कुठला तुझा?"

गॅस "संपतो" हा समज इतका खोल रुजलाय की तो काढायला गेलं तर माणसं माझ्याकडेच संशयाने बघतात. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला फोन येतात, गॅस भरायचाय. मशीनमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आत उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. तो कमी झाला असेल तर गळालाय, आणि गळालाय तर छिद्र आहे. आधी छिद्र शोधायचं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावत जोड न् जोड तपासायचा. कधी तिथे तेलकट काळी धूळ धरलेली असते, ती लगेच खूण पटवते. कधी फेसात मोहरीएवढा बुडबुडा येतो, फुटतो, बऱ्याच वेळाने दुसरा येतो. हे शोधायला अर्धा दिवस जातो, गॅस भरायला थोडका वेळ लागतो. न शोधता दरवर्षी भरून देणारा माणूस गिऱ्हाइकाला तत्पर वाटतो. मी फेस लावत बसतो तेव्हा तो वेळकाढूपणा दिसतो.

या गॅसचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा परवान्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. सुरुवातीच्या मशीनमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असत. रात्री सील फुटलं की झोपेतली माणसं दगावत. बर्लिनमधल्या एका कुटुंबाच्या अशाच मृत्यूची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाले, आणि १९२६ पासून पुढची काही वर्षं भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्याबरोबर हलते भाग नसलेला, त्यामुळे गळणार नाही असा फ्रिज बनवण्याच्या मागे लागले, असं सांगतात. त्यांचं पेटंट झालं, फ्रिज बाजारात मात्र आला नाही. कारण दरम्यान अमेरिकी संशोधक थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली एक असा वायू शोधला जो जळतही नव्हता आणि विषारीही नव्हता. १९३० साली मिजलींनी भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. किती सुटका वाटली असेल त्या सभेतल्या लोकांना! ज्याने माणसं मरत नाहीत असा वायू अखेर हाती आला होता. पुढची चार-साडेचार दशकं तो निर्धोक मानून जगभर वापरला गेला, दुरुस्तीच्या वेळी बिनदिक्कत हवेत सोडला गेला. मग १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवलं की हाच वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगापुढे आलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला असे वायू आवरण्यासाठी माँट्रियलचा करार झाला.

कारखान्यातल्या शास्त्रज्ञांपासून गच्चीवर पाना घेऊन बसलेल्या मिस्त्रीपर्यंत सगळ्यांची कामाची रीत त्या करारानंतर बदलली. अनेक देशांत गॅस हवेत सोडणं गुन्हा ठरलं. तो रिकव्हरी मशीनने ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, आणि सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, कारण ऊन लागलं की आतला द्रव फुगतो. मग ओझोनला अपाय न करणारे वायू आले, त्यांतला आर-४१०ए घरोघरी गेला, आणि लक्षात आलं की तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट जड आहे. २०१६ साली रवांडातल्या किगालीत त्याच्यासारख्या वायूंवरही टाच आणायचं ठरलं. आता आर-३२ आहे, त्याचा आकडा ६७५. आर-२९० आहे, म्हणजे साधा प्रोपेन, त्याचा आकडा अगदी किरकोळ, पण तो पेट घेतो. विषारी होता म्हणून सोडला, निर्धोक मिळाला तो आकाशाला नडला, आणि आता आकाशाला न नडणारा घ्यायचा तर ठिणगीला भिऊन काम करायचं. परवान्याच्या वर्गात हे शिकताना माझ्या शेजारी विशीतली मुलं बसलेली असतात. त्यांना हा नुसता अभ्यासक्रम वाटतो. मला मात्र प्रत्येक नव्या वायूचं नाव ऐकलं की मिजलींनी छातीत भरून घेतलेला तो श्वास आठवतो. त्या माणसाची चांगल्या कामावरची श्रद्धा खरी होती, याचंच जास्त वाईट वाटतं.

माझ्या हातून गेलेला गॅस कुठे जातो याचा जाब मला विचारता येतो. परवान्याचा मला समजलेला अर्थ एवढाच.

कौशल्य त्या कागदातून येत नाही, हे मी प्रामाणिकपणे मानतो. आमच्याच भागात एकजण आहे, त्याच्याकडे परवाना नाही. त्याचं ब्रेझिंग माझ्यापेक्षा सुबक असतं. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की व्हॉल्व्ह, हे तो बोलता बोलता सांगतो. परीक्षेची फी, विम्याचा हप्ता, दर थोड्या वर्षांनी नूतनीकरण, मोजमापाच्या यंत्रांची तपासणी, यांतलं काहीच त्याला करावं लागत नाही, म्हणून त्याचा दर माझ्यापेक्षा खाली असतो आणि पुष्कळ कामं त्याच्याकडे जातात. मला राग येतो का? येतो. त्याच्याबद्दल आदर आहे का? आहे. त्याने परीक्षा द्यावी म्हणून मी त्याच्या मागे लागलोय, पुस्तकंही दिलीत. तो म्हणतो, "मला काम येतं, कागदाने काय वेगळं होणार?" काम येतं हे खरं. पण भिंतीतला जोड मी केलेला असेल आणि तो पाच वर्षांनी सुटला, तर माझ्या नावाने तक्रार नोंदवता येते, माझा विमा भरपाई देतो, माझा कागद काढून घेता येतो. त्याच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या हातात बंद पडलेला एक फोन नंबर राहू शकतो. स्थानिक धंद्यात माणसं एकमेकांना ओळखतात म्हणून सगळं चालतं, असं म्हणतात. ओळख असते तोवर चालतं. घर विकलं गेलं, भाडेकरू बदलला, की त्या भिंतीतल्या जोडाची ओळख कुणाशीच नसते.

दुसरी झुंज असते ती टनाची. मी खिडक्या मोजायला लागलो की लोक थक्क होतात. कोटेशनला आलेला माणूस छताची उंची का विचारतोय, पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवून का उभा आहे, या खोलीत किती माणसं झोपतात हे त्याला कशाला हवंय? आधी येऊन गेलेल्याने दारातूनच खोली बघून दोन टन सांगितलेलं असतं. मी हिशेब करून दीड सांगितलं की मीच कमी काहीतरी देतोय असा चेहरा होतो. एक टन म्हणजे अमेरिकी मापाचा, म्हणजे २,००० पौंडांचा, बर्फाचा ठोकळा २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढं काम, ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). जास्त घेतलं तर बिघडलं कुठे, असा प्रश्न रास्त वाटतो. बिघडतं असं की गरजेपेक्षा मोठं मशीन खोलीतली हवा भराभर गार करतं आणि थांबतं. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. दमट हवेच्या दिवसांत अशा खोलीत शिरलं की अंगावर काटा येतो आणि तरीही चादर ओलसर लागते. लोक मग तापमान आणखी खाली नेतात. कोपऱ्यात बुरशीचा वास यायला लागतो.

आणि गंमत म्हणजे हा सगळा उद्योग सुरू झाला तो ओल काढण्यासाठीच. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात रंगावर रंग बसेना. हवा दमट झाली की कागद पसरायचा, कोरडी झाली की आकसायचा, आणि आधी छापलेल्या रंगावर पुढचा रंग सरकून पडायचा. तो प्रश्न विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरकडे आला. त्याने थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातलं पाणी निथळवलं, कागद आपल्या मापात राहू लागला. माणसांना गार वाटावं हा तेव्हा हेतूही नव्हता. मला ही हकिकत गिऱ्हाइकाला सांगावीशी वाटते, पण कोटेशनच्या वेळी ऐकायला कुणाला सवड नसते. मग मी कागदावर हिशेब मांडून देतो, भिंत, काच, छत, माणसं, दिवे, सगळं वेगवेगळं. काही जण तो कागद घेऊन दुसऱ्याकडे जातात आणि त्याच मापाचं मशीन स्वस्तात बसवून घेतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, निदान माप तरी बरोबर बसलं.

थंडीतलं काम वेगळ्या जातीचं. उन्हाळ्यात चुकीची शिक्षा उकाडा असते, थंडीत ती मरण असू शकते. गॅसवर चालणाऱ्या हीटरचा बर्नर नीट असेल तर ज्योत निळी आणि स्थिर असते. पिवळी, लवलवती ज्योत दिसली की मी बोलणं थांबवतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखतं, मळमळतं, बाहेर पडलं की बरं वाटतं. लोक त्याला सर्दी-तापाची साथ समजतात.

एका भाड्याच्या घरात मला नुसती वार्षिक सफाई करायला बोलावलं होतं. वयस्कर जोडपं होतं. आजी म्हणाल्या, "हल्ली सकाळी डोकं जड असतं, वय झालं आता." खिडक्या नव्याच बसवलेल्या होत्या, उत्तम, वारा आत येणार नाही अशा. मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावायला सांगितला आणि हीटरच्या धुराड्यापाशी धूपकांडीसारखा धूर सोडणारी चाचणीची कांडी धरली. धूर वर जायच्या ऐवजी खोलीत मागे वळला. घर इतकं बंद झालं होतं की पंख्याला बाहेर फेकायला हवा मिळत नव्हती, ती तो धुराड्यातून खाली ओढत होता, जळलेल्या वायूंसकट. शिवाय धुराड्याचा एक जोड सुटत आला होता. मी गॅसचा कॉक बंद केला, वापरू नये अशी चिठ्ठी लावली, गॅस पुरवणाऱ्यांना कळवलं. घरमालक फोनवर म्हणाले, "इतकी वर्षं चालतंय, आजच काय झालं?" खिडक्या बदलल्या, हे झालं होतं. ते त्यांना पटलं नाही. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि मी दोन म्हाताऱ्या माणसांचं घर गार करून निघालो होतो. गाडीतला विजेचा हीटर त्यांच्याकडे ठेवला. आजोबा दारापर्यंत आले, ते रागावले होते, आणि त्यांचा राग मला समजत होता. त्यांना जे दिसत होतं ते एवढंच की उबदार घरात एक माणूस आला आणि ऊब बंद करून गेला. दुरुस्ती मालकांनी दुसऱ्याकडून करून घेतली. चांगली झाली असावी, कारण नंतर हीटर परत घ्यायला गेलो तेव्हा मी आधी धुराड्याच्या तोंडाशी हात नेऊन पाहिला, ओढ वरच्या दिशेने होती. आजी डोक्याबद्दल काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

उष्णतेची लाट येते तेव्हा फोन थांबत नाही आणि मला कुणाकडे आधी जायचं ते ठरवावं लागतं. हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. मोठं दुकान, कायमचं गिऱ्हाईक, वेळेवर पैसे देणारं. आणि एकट्या राहणाऱ्या बाई, वरचा मजला, कधीतरीच बोलावणाऱ्या. १९९५ च्या जुलैत शिकागोत काही दिवसांच्या उकाड्यात ७०० हून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीचशी वयस्कर आणि एकटी राहणारी. हे वाचल्यापासून मी फोनवर आधी विचारतो, घरात कोण आहे, वय काय, रात्री झोप लागली का. दुकानदार माझ्यावर नाराज होतात. एकाने तर संबंधच तोडले. हा धंदा चैनीचा आहे असं अजूनही पुष्कळांना वाटतं, पण १८४० च्या दशकात फ्लोरिडातल्या अपॅलाचिकोला गावचे डॉक्टर जॉन गॉरी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार करण्यासाठी छताला बर्फाची भांडी टांगत होते, आणि बर्फ मिळेना म्हणून तो बनवण्याचं यंत्र तयार करत होते. १८५१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, भांडवल मिळालं नाही, आणि १८५५ मध्ये ते गेले. त्या वरच्या मजल्याच्या जिन्यावर पाठीवर पेटी घेऊन चढताना मला ते डॉक्टर माझ्या धंद्यातले वाटतात.

हल्ली प्रत्येक मशीनच्या झाकणाच्या आत मी एक चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर न पुसणाऱ्या पेनने लिहितो. तारीख, परवान्याचा क्रमांक, व्हॅक्यूम कितीपर्यंत नेला, झडप बंद केल्यावर किती वेळ धरून राहिला, गॅस किती ग्रॅम भरला, पाइपेची लांबी. गिऱ्हाईक ते झाकण कधी उघडत नाही. माझ्याबरोबर काम शिकणारा मुलगा विचारतो, मग कशाला लिहायचं. मागच्या हंगामात दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचं मशीन उघडलं, तर आत अशीच पट्टी होती. अक्षर तिरकं, दाबून लिहिलेलं, नाव नव्हतं. व्हॅक्यूम ३८० मायक्रॉन, गॅसचं वजन, पाइपेची लांबी, आणि खाली एक ओळ: "भिंतीत जोड नाही." त्या एका ओळीने भिंत फोडायची वाचली. गळती इनडोअरकडच्या फ्लेअरला सापडली, नट तडकला होता. मी पाइप कापून नवी फ्लेअर केली, नायट्रोजन देऊन तपासलं, पंप लावला, आणि मुलाला पट्टी वाचून दाखवायला सांगितली. त्याने ती वाचली, परत वाचली, आणि वजनकाटा आणायला गाडीकडे गेला. माझे आकडे मी त्या तिरक्या अक्षराच्या खाली लिहिले, त्याचे पुसले नाहीत. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याला दोन्ही लागतील.